विश्वास आणि आशा: खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, धुळे, भुसावळ. गाव बदललं तरी प्रश्न फारसे बदलत नाहीत. उपासना संपल्यावर चपला शोधताना, घरगुती प्रार्थनासभेत चहा येईपर्यंत, बाप्तिस्म्याच्या वर्गात आणि सगळ्यात जास्त दवाखान्याच्या व्हरांड्यात ते विचारले जातात. शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, संदर्भ दिले आहेत, ते स्वतः उघडून पाहावेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

विश्वास आणि आशा एकच नाहीत का?

नाहीत. पण एकमेकींना सोडून राहतही नाहीत. देव आहे, तो खरं बोलतो, ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात त्याने जे केलं ते घडून गेलं आहे, हे मनाने धरणं म्हणजे विश्वास. याच देवाने जे करीन म्हटलं आणि जे अजून झालेलं नाही, त्याची वाट पाहणं म्हणजे आशा. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला हे मी मानतो, तो माझा विश्वास. माझी मातीत ठेवलेली आई उठेल, ही माझी आशा. 1 करिंथ 15 मध्ये प्रेषित पौल या दोन्हींची गाठ घालतो: ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ, आणि आशा या आयुष्यापुरतीच असेल तर आपल्यासारखे कीव येण्याजोगे दुसरे कोणी नाहीत. इतकं रोखठोक आपल्या व्यासपीठांवरून सहसा कोणी बोलत नाही.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनने हे थोडक्यात मांडलं आहे: देवाने खरोखर वचन दिलं आहे असं विश्वास ज्या गोष्टींबद्दल मानतो, त्यांची अपेक्षा म्हणजे आशा. विश्वास आशेला पाया देतो आणि आशा विश्वासाला थकू देत नाही. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थकलेले विश्वासणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आधी काय येतं, विश्वास की आशा?

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने उत्तर दिलं: विश्वास आधी. जे माहीतच नाही त्याची आशा कशी धरणार? पुस्तकात हा क्रम बरोबर आहे.

माणसांच्या गोष्टी ऐकल्या की क्रम उलटा दिसतो. नवापूर-अक्कलकुवा भागातल्या कितीतरी घरांत पहिली प्रार्थना आजारी लेकरासाठी झाली. भगत झाला, गोळ्या झाल्या, पैसे संपले, मग कोणी तरी म्हणालं, प्रार्थना करणाऱ्यांना बोलवू. त्या घरात त्या दिवशी येशूविषयी कोणाला धड माहिती नव्हती. आशेचा धागा तेवढा होता, विश्वास मागाहून आला. मार्क 5 मधली बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली बाई अशीच आली. तिने सगळी पुंजी वैद्यांवर घालवली होती आणि गर्दीतून हात घालून येशूच्या वस्त्राला शिवली. तिला धर्मशास्त्र किती कळत होतं कोण जाणे, पण येशूने तिच्या त्या शिवण्याला विश्वास म्हटलं.

म्हणून बाप्तिस्म्याच्या वर्गात कोणी म्हणालं, "मी गरजेपोटी आलो," तर त्याला लाजवू नये. फक्त गरजेपाशीच थांबू देऊ नये.

इब्री 11:1 सगळ्यांना पाठ आहे. त्याचा अर्थ काय?

आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींची खातरी, असं तिथे विश्वासाचं वर्णन आहे. म्हणजे आशेत जे लांबवर आहे, ते विश्वासामुळे आजच मनाला धरता येतं.

अडचण ही की आपण पहिलं वचन पाठ करतो आणि अध्याय अर्ध्यावर सोडतो. हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे अशी ती मोठी यादी आहे. तेराव्या वचनात लेखक सरळ सांगतो की हे सगळे वचनांची फळं हाती न येताच मेले. त्यांनी ती दुरून पाहिली आणि त्यांना वंदन केलं. पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर तर यादीला वळणच लागतं. तोवर सिंहांची तोंडं बंद झाली, आग विझली, मेलेले परत मिळाले. आणि पुढच्याच श्वासात: काहींनी हाल सोसले, काहींना धोंडमार झाला, काही करवतीने चिरले गेले, काही मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकले. सुटलेले आणि न सुटलेले, दोघंही एकाच यादीत, विश्वासाचे म्हणून. ज्या सभेत फक्त सुटलेल्यांच्या साक्षी होतात, त्या सभेत इब्री 11 पुरता वाचला गेलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातात काही नसताना खात्री कशाची धरायची?

विसाराची. जमिनीचा व्यवहार आपल्याकडे कसा होतो ते आठवा. सौदा ठरला की विसार देतात, विसारपावती होते, मग साठेखत, मग खरेदीखत, आणि सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत तलाठ्याकडे चकरा. विसार दिला म्हणजे वावर ताब्यात आलं असं कोणी म्हणत नाही. पण विसार देणारा सौद्याला बांधला गेलेला असतो. इफिस 1:13-14 मध्ये पौल हाच व्यवहार डोळ्यांसमोर ठेवतो: विश्वासणाऱ्यांना मिळालेला पवित्र आत्मा हा त्यांच्या वतनाचा विसार आहे. वतन पूर्ण मिळायचं आहे, पण देणारा मागे फिरणार नाही. इथे विसार देवाने दिला आहे, आपण नव्हे. आपण प्रार्थनेत घाम गाळून, उपास करून, दशांश देऊन विसार भरत नसतो. हे उलटं धरलं की सगळं धर्माचरण हप्ते फेडण्यासारखं होतं, आणि हप्ता चुकला की माणूस घाबरतो.

जमिनीचाच विषय निघाला आहे, तर यिर्मया 32 जरूर वाचा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला. संदेष्टा यिर्मया राजाच्या चौकीत कैदेत. शहर पडणार हे त्यानेच सांगितलेलं. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. आणि देवाच्या सांगण्यावरून यिर्मया ते घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खताच्या दोन्ही प्रती, मोहोरबंद आणि उघडी, आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या भांड्यात ठेवून घेतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे वचन त्यामागे होतं.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. खत झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेत गोंधळलेला आहे. देवा, शहर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला पैसे देऊन शेत घ्यायला सांगतोस? आधी सही, मग शंका. आशेला शंका चालते.

आशा आणि "होईल काही तरी चांगलं" असं वाटणं, यात काय फरक?

नुसत्या वाटण्याला कोणाच्या शब्दाचा आधार नाही. पोराला नोकरी लागेल, कापसाला भाव येईल, अशा इच्छा धरण्यात वाईट काही नाही, पण देवाने तसं वचन दिलेलं नाही. मनातल्या इच्छेला वचनाचा शिक्का मारून घेतला की पुढे रुसवा देवावर निघतो.

आमचा माणूस बरा झाला नाही. आमचा विश्वास कमी पडला का?

नाही.

हे उत्तर एका शब्दात देऊन थांबावंसं वाटतं, पण "कमी पडला" असं सांगणारे लोक शास्त्राचे आधार देतात, म्हणून पुढे लिहितो. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि "माझी कृपा तुला पुरे" हे उत्तर मिळालं (2 करिंथ 12). त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं (2 तीमथ्य 4:20). तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, "तुझा विश्वास वाढव" असं लिहिलं नाही (1 तीमथ्य 5:23). आणि मार्क 2 मधल्या पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरच्या माणसाने विश्वासाची परीक्षा पास केली होती का, याची तिथे चौकशीच नाही. दुसऱ्यांच्या विश्वासावर उचलून नेलं जाणं शास्त्राला मान्य आहे.

सातपुड्याच्या पट्ट्यात हा प्रश्न सिकलसेलच्या घरांत हमखास निघतो. पोराचे सांधे दुखतात, अंगात रक्त राहत नाही, दर काही महिन्यांनी भरती करावं लागतं. हा आजार जन्मतः, आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आणि मग कोणी तरी पाहुणा उपदेशक विचारतो, घरात कोणतं पाप आहे? योहान 9 मध्ये शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल नेमकं हेच विचारलं होतं: पाप याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापांचंही नाही. एवढं स्वच्छ उत्तर समोर असताना तोच प्रश्न रडणाऱ्या आईला पुन्हा विचारणं ही क्रूरता आहे. मी याला दुसरा शब्द वापरणार नाही.

बरं करण्यासाठी प्रार्थना करावी का? जरूर करावी, तेल लावून करावी, याकोब 5 मध्ये तसं सांगितलंच आहे. देव बरं करतो, अशा साक्षी आपल्या मंडळ्यांत आहेत आणि मी त्यांच्यावर पाणी टाकत नाही. पण आगीच्या भट्टीपुढे उभे असलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो काय म्हणाले? आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही (दानीएल 3). "समर्थ आहे" हा विश्वास. "सोडवलं नाही तरी" म्हणण्याचं बळ आशेतून येतं, कारण तिचा शेवट भट्टीपाशी नाही.

औषध घेणं म्हणजे अविश्वास का?

नाही. लूक वैद्य होता (कलस्सै 4:14). नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासून उभं आहे. मिशनच्या लोकांना औषध अविश्वास वाटत असतं तर त्यांनी दवाखाना बांधलाच नसता. सिकलसेलची फॉलिक अ‍ॅसिड किंवा हायड्रॉक्सियुरियाची गोळी, टीबीचा कोर्स, बीपी-शुगरची औषधं, झटक्याची औषधं कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. "प्रार्थनेनंतर गोळ्या फेकल्या" ही साक्ष टाळ्या मिळवते, आणि ती ऐकून गोळ्या फेकणाऱ्या पुढच्या माणसाचं काय झालं हे सभेत कोणी सांगायला येत नाही. बरं झाल्यासारखं वाटत असेल तर तपासणी करून डॉक्टरांना ठरवू द्या.

"पानी नही, पीक नही, मंग आशा कशानी धरानी?"

एका बांधावर हा प्रश्न जसा आला तसाच अहिराणीत ठेवला आहे. याला पोथीतलं उत्तर फेकू नये. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी झाली, बियाण्याची उधारी दुकानात लिहिलेली. किंवा रावेर-यावलकडे उभी केळी एका वादळात आडवी झाली. अशा माणसाला "देव बघून घेईल" म्हणून उठून जाणं सोपं असतं.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामाच आहे: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाने दगा दिला, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एवढं सगळं मांडून झाल्यावर तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. आपण घाईघाईने "उल्लास" वर उडी मारतो. त्याने मात्र आधी प्रत्येक तोटा नावाने मोजला आहे. तेवढा वेळ आपणही द्यावा. कर्ज किती, कोणाचं, पीकविमा भरला होता का, पंचनामा झाला का, मुलांच्या फीचं काय, हे सगळं विचारावं. मंडळीच्या निधीतून बियाण्याला हातभार लावणं हेही आशेचं काम आहे. पौल थेस्सलनीकाकरांना पहिल्याच पत्राच्या सुरुवातीला लिहितो ते विश्वासाने केलेलं काम, प्रीतीने केलेले श्रम आणि आशेने धरलेला धीर. तिघांनाही हातपाय आहेत.

आणि समोरचा माणूस जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना कळवा, डॉक्टरांकडे न्या. शासनाची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. हे सगळं करून मग प्रार्थना करा, किंवा करता करता करा.

निराशा हे पाप आहे का?

जुन्या शिक्षणात आशेविरुद्धची दोन पापं सांगतात. एक, हताशा: देव मला वाचवूच शकत नाही, वाचवणारच नाही, असं ठरवून बसणं. दुसरं, अवाजवी धिटाई: मी काहीही केलं तरी देवाला मला वाचवावंच लागेल. आपल्याकडे पहिल्यावर उपदेश खूप होतो. दुसऱ्याला कधी कधी विश्वासाचंच नाव मिळतं.

पण मन खचणं, झोप उडणं, रडू येणं, प्रार्थनेत शब्द न सापडणं ही त्या अर्थाची हताशा नाही. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवून दुसऱ्याच अध्यायात रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो (1 राजे 19). देव त्याला काय देतो? झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोलणं नंतर. आणि स्तोत्र 88 उघडा. ते अंधारात संपतं, शेवटी एकही दिलाशाची ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, आणि देवाला उद्देशून आहे. जो माणूस अंधाराची तक्रार देवापाशी घेऊन येतो त्याने आशा सोडलेली नाही, एवढं मी या स्तोत्रावरून म्हणेन. नैराश्य हा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, ते घ्यावेत.

शंका आली तर विश्वास गेला का?

मार्क 9 मधला बाप म्हणाला, मी विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासाला मदत कर. त्याचं लेकरू बरं झालं. शिष्य थोमाने उठलेल्या येशूचे घाव पाहायला मागितले, त्याला घाव दाखवले गेले. पुरे.

यिर्मया 29:11 आमच्या भिंतीवर आहे. ते वचन आमच्यासाठी आहे ना?

आहे, पण त्याच्या आदलं वचनही भिंतीवर लावा. दहाव्या वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत. हे पत्र बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलं होतं. दोन वर्षांत सगळे परत येतील असं सांगणारा हनन्या नावाचा संदेष्टा तेव्हा लोकप्रिय होता, आणि यिर्मयाने त्याला खोटा ठरवलं. पत्रातला आदेश असा: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना स्वतः परतणं दिसणार नव्हतं. भविष्याची आशा त्यांना मिळाली ती नातवंडांच्या हिशेबाने. दुकानाच्या उद्घाटनाला हे वचन वाचायला माझी हरकत नाही, पण त्यातली सत्तर वर्षं गाळू नयेत.

आपलं माणूस गेलं तर रडावं की नाही? "आशा असलेल्यांनी रडू नये" असं ऐकलंय.

चुकीचं ऐकलंय. 1 थेस्सलनीका 4:13 सांगतं की ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नये. शोकच करू नये असं तिथे नाही. मेलेल्या लाजाराला थोड्याच वेळात उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला (योहान 11).

आपल्या भागात अर्धे नातेवाईक ख्रिस्ती, अर्धे नाहीत, अशी घरं पुष्कळ. मयतीला सगळे येतात, दहाव्या-तेराव्याचं विचारतात, आणि तिथल्या तिथे वाद पेटतो. माझी विनंती एवढीच की प्रेतापुढे धर्मशास्त्राचा निकाल लावू नका. दफनाच्या उपासनेत पुनरुत्थानाचं वचन शांतपणे वाचलं, आलेल्या सगळ्यांना पाणी-चहा दिला, भाऊबंदांच्या दुःखाला जागा दिली, की आशेविषयी जे सांगायचं ते बरंचसं सांगून होतं. कोणते विधी करायचे, कोणते नाही, हे आधीच आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोलून ठेवावं. अनेक मंडळ्या पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे कबरस्थानात उपासना करतात. मुलांना तिथे जरूर न्या, रविवारच्या शाळेत वर्षभर शिकवून कळत नाही ते तिथे कळतं.

आशा म्हणजे फक्त स्वर्गाची का? इथल्या अन्यायाचं काय?

रोमकरांस 8 मध्ये सगळी सृष्टी कण्हते आहे, सुटकेची वाट पाहते आहे. प्रकटीकरण 21 मध्ये नवी पृथ्वी आहे, आणि पवित्र नगरी वरून खाली येते. माणसं पृथ्वी सोडून पळून जातात असं ते चित्र नाही. जर्मन धर्मशास्त्री युर्गेन मोल्टमान (1926–2024) दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असताना ख्रिस्ताकडे वळला. 1964 साली त्याने मांडलं की ज्याला देवाच्या भविष्याची आशा आहे, त्याला आजची स्थिती जशी आहे तशी सहन होत नाही. आशा माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

दिवाळीनंतर आपल्या आदिवासी पाड्यांतली घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलं शाळेतून उठतात, नाताळला मंडळी निम्मी होते. अशा वेळी "स्वर्गात सगळं भरून मिळेल" एवढंच सांगणारी आशा मुकादमाच्या सोयीची आहे. मागे राहिलेल्या मुलांना कोणाच्या घरी ठेवता येईल, उचल किती घेतली याचा कागद कोण ठेवतं, परतल्यावर शाळेत नाव पुन्हा कसं घालायचं, या गोष्टी मंडळीच्या कमिटीच्या बैठकीत यायला हव्यात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मराठी विश्वासणाऱ्याला घरचं आहे. 1896-97 च्या आणि पुढे 1900 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं. त्यांना शिकवलं, त्यांच्या हाताला काम दिलं. उतारवयात त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम त्यांनी चालू ठेवलं, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. स्वर्गाची आशा आणि भुकेल्या पोरींसाठी धान्य, या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या कराव्या लागल्या नाहीत.

कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), अलायन्स मिशनच्या मंडळ्या, पेंटेकॉस्टल... यांच्या शिकवणीत फरक आहे का?

मूळ विश्वास एकच, भर वेगळा. कॅथलिक शिक्षणात विश्वास, आशा आणि प्रीती ही देवाने माणसात घातलेली तीन सद्गुणांची देणगी मानतात. तिन्हींच्या वेगळ्या प्रार्थना आहेत, आणि 2025 चं जुबिली वर्ष आशेच्याच विषयावर होतं. प्रोटेस्टंट परंपरेत तारणाच्या, म्हणजे पापातून सुटका झाल्याच्या, खात्रीवर जोर असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पश्चिम खानदेशात काम केलेल्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांमुळे आपल्या कित्येक मंडळ्यांत "तुमचं तारण झालंय का?" हा प्रश्न थेट विचारला जातो. कॅथलिक माणसाला तो उद्धट वाटतो, कारण त्याच्या शिकवणीत शेवटपर्यंत टिकून राहणं ही आशेची बाब आहे, आधीच हिशेब बंद झाल्याची नव्हे. पेंटेकॉस्टल सभांत आशा आजच्या आज अनुभवायची असते. ख्रिस्ती ऐक्याच्या सप्ताहात एकत्र बसून यावर बोललं तर बरं. तेव्हाही आपण गाणी म्हणतो आणि घरी जातो.

हिंदू शेजारी म्हणतात, "आमचाही देवावर भरवसा आहेच." त्यांना काय सांगू?

आधी मान्य करा की आहे. मुक्ताईनगरच्या वारीला पायी निघालेल्या बाईचा भाव किंवा कानबाई देवीच्या उत्सवाला गावाकडे परतणाऱ्या घराची ओढ खोटी नसते. त्यांच्या भावाची टर उडवून कोणालाही ख्रिस्त कळलेला नाही. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने, असं 1 पेत्र 3:15 म्हणतं. त्यात "विचारलं तर" हेही आहे. विचारलं तर सांगा: आमची आशा एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे, वधस्तंभावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला. ते त्यांना पटेल किंवा नाही पटणार. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळीचं ताट मात्र दोन्हीकडून यावं-जावं.

विश्वास, आशा, प्रीती या तिघांत प्रीती श्रेष्ठ का?

एक उत्तर प्राचीन मंडळीतल्या संत ऑगस्टीनच्या काळापासून दिलं जातं: देव समोर दिसू लागल्यावर विश्वास पाहण्यात बदलेल, आशा मिळण्यात बदलेल, प्रीती मात्र आहे तशीच राहील आणि वाढेल. पौलाचं वाक्य तिघंही टिकतात असंच आहे, त्यामुळे यावर अभ्यासकांत चर्चा चालते. रोजच्या वागण्यापुरतं 1 करिंथ 13 चं दुसरं वचन पुरतं: डोंगर हलवणारा विश्वास असला आणि प्रीती नसली, तर मी काहीच नाही.

कुठून वाचायला सुरुवात करू?

लूक 24 पासून. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे "आम्हाला आशा होती" असं म्हणत चाललेत, भूतकाळात, आणि ज्याच्याबद्दल म्हणताहेत तो शेजारून चालतो आहे. त्यानंतर रोमकरांस 4, 5 आणि 8, एका बैठकीत नको, एकेक अध्याय. स्तोत्र 42 आणि 43 एकत्र वाचा, दोन्हींचं पालुपद एकच आहे. मग 1 पेत्र, पाचच अध्याय आहेत. इब्री 11 सगळ्यात शेवटी, आणि बाराव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापर्यंत थांबू नका. घरात आजीला वाचता येत नसेल तर नातवाने मोठ्याने वाचून दाखवावं. मोबाइलवर मराठी बायबल ऐकायलाही मिळतं, पण नातवाने वाचलं तर त्याचाही अभ्यास होतो, आणि चुकीचा उच्चार आजी बरोबर पकडते.